काचेची न्हाणी

हॉटेल बुक करायचं जे अॅप आमच्या प्राप्तीने माझ्या फोनमध्ये घालून दिलंय, ते गेले तीन आठवडे रोज सकाळी मला एकच प्रश्न विचारतंय. 'आपला मुक्काम कसा झाला? इतर पाहुण्यांसाठी प्रामाणिक मत लिहा.' खाली पाच चांदण्या आणि दोनशे अक्षरांची जागा. दोनशे अक्षरांत आमचे शेजारी बाळाजी धड 'कसं काय'सुद्धा विचारू शकत नाहीत, तर मी चीनमधले चार दिवस कसे बसवणार? शिवाय 'प्रामाणिक' हा शब्द त्यांनी घातला नसता तर मी कधीच एक चांदणी दाबून मोकळा झालो असतो. घातलाच आहे, तर सगळं सांगतो.

आमच्या प्राप्तीचं माणगावकडच्या साहिल शिगवणशी जमलं. मुलांनीच जमवलं, आम्ही फक्त पेढे खाल्ले. साहिलचे वडील भागोजी शिगवण यांची भाताची गिरणी आहे. बोलणी झाली, साखरपुडा झाला, फक्त लग्नाची तारीख राहिली. ती विचारायला आम्ही गेलो तेव्हा भागोजी म्हणाले, "गिरनीला नवीन मशीन आनायचंय. तांदूळ निवडायचं. काळा दाना आपला आपन उडवून लावतं म्हनं. चायनात जाऊन बगून येतो, मंग धरू तारीख."

आता मशीन आणि मुहूर्त यांचा काय संबंध, हे मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला विचारायचं नसतं. त्यातून भागोजी अगदी कमी बोलणारे. बोलका माणूस रागावला की निदान कळतं. यांचा चेहरा सुखात, दुःखात आणि वरणभातात एकसारखाच. तेव्हा मी गप्प बसून चहा प्यायला हवा होता.

त्याऐवजी मी म्हणालो, "चीन? अहो व्याहीबुवा, चीन म्हणजे आमचं मागलं दार! मी येतो तुमच्याबरोबर. सगळं माझ्यावर सोपवा."

यात अगदीच खोटं काही नव्हतं. न्हावा शेव्याच्या एका क्लिअरिंग एजंटकडे मी अठ्ठावीस वर्षं कागद करतोय. आमचे आजोबा मिठागरात मीठ ओढायचे, मी कंटेनरचे कागद ओढतो. चीनहून आलेली इतकी खोकी मी पाहिली आहेत की त्यांच्यावरची चिनी अक्षरं मला वाचता येतात. म्हणजे तीन वाक्यं येतात : 'जपून हाताळा', 'ही बाजू वर' आणि 'ओल लागू देऊ नका'. माझ्या मते एवढ्या तीन वाक्यांवर माणसाचा संसार होतो, चीन काय मोठं?

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, "शकू, मी चीनला चाललो. खाण्याचं काही बांधून देऊ नकोस. उगाच गावंढळ दिसतं."

"बरं," शकू म्हणाली.

बाळाजी हे ऐकून लगेच कुंपणावरून सल्ला द्यायला आले. ते पूर्वी सहा महिने दुबईला फिटर होते, त्यामुळे जगातल्या कुठल्याही देशाबद्दल त्यांचा शब्द आमच्या आळीत शेवटचा मानतात. "हिरामणशेट, तिकडं थंड पाणी मागू नका, अपमान समजतात. हॉटेलात फुकट न्याहारी देतील, तिकडं फिरकायचं पन न्हाय. बेडूक असतो. दिसतो चिकनसारखा, म्हनून तर माणूस फसतो. आन भिंतीवरच्या कुठल्या बटनाला, दोरीला हात लावू नका. आमच्यातल्या एकानं दुबईला दोरी ओढली, बंब आला." मी हे सगळं मनात नोंदवून ठेवलं. सल्ला फुकट मिळाला की आपण तो तपासून घेत नाही.

पहिला अडथळा व्हिसाच्या ऑफिसात आला. भागोजींचा पासपोर्ट काढून देणाऱ्या एजंटाने त्यांचं सगळं नाव एकाच रकान्यात कोंबून आडनावाचा रकाना कोरा सोडला होता. फॉर्म दोनदा परत आला. तिसऱ्यांदा खिडकीमागच्या बाईंनी विचारलं, "यांना आडनाव नाही का?" त्यावर शिगवणांच्या सात पिढ्या शेजारच्या खुर्चीत बसून जमिनीकडे बघत राहिल्या. शेवटी व्हिसा मिळाला, पण तो कोरा रकाना आमच्याबरोबर चीनला आला.

हफेई नावाच्या शहरात आम्ही दोन विमानं बदलून पोचलो. हॉटेल स्वस्तातलं होतं, आणि ते मीच शोधलं होतं. फोटोत दोन पलंग आणि एक हसरी बाई होती. प्रत्यक्षात दोन पलंग होते. काउंटरला चष्मा लावलेली एक तरुण मुलगी बसली होती. परदेशी पाहुणा आला की पोलिसांच्या संगणकात त्याची नोंद करावी लागते, आणि तो संगणक कोरं आडनाव घेईना. ती पुन्हा पुन्हा बटणं दाबायची, संगणक पुन्हा पुन्हा टिंगटिंग करायचा. माझ्यामागे व्याही बॅगेवर हात ठेवून उभे. सगळं माझ्यावर सोपवलेलं.

मी भाषांतराचा फोन काढला. त्यात मराठी बोललं की तो चिनी बोलतो. मी घसा साफ करून स्पष्ट आवाजात सांगितलं, "हे माझे व्याही. कागदावर आडनाव नाही, पण माणूस खानदानी आहे. आमचं लग्नाचं ठरलंय."

फोन चिनीत बोलला. मुलगी आधी माझ्याकडे, मग भागोजींकडे बघत राहिली. मग उभी राहिली, दोन्ही हात छातीशी धरले आणि इंग्रजीत 'काँग्रॅच्युलेशन' म्हणाली. दोन बटणं दाबली, संगणकाने मुकाट्याने नोंद घेतली आणि आम्हाला दोन छापील चिठ्ठ्या मिळाल्या. आपल्या पोरांच्या लग्नाचा परक्या मुलखातल्या पोरीला इतका आनंद व्हावा, याने मला भरून आलं.

"बघितलंत?" मी भागोजींना म्हणालो. "माणसाशी कसं बोलायचं ते कळलं पाहिजे."

आम्ही खोलीशी पोचेपर्यंत कुणीतरी येऊन दारावर लाल कागदाचं एक नक्षीदार चिनी अक्षर चिकटवून गेलं होतं. ते काय, असं भागोजींनी विचारलं. मी जवळ जाऊन बघितलं आणि म्हणालो, "जपून हाताळा." आत टेबलावर एका वाटीत लाल खजुरासारखी फळं आणि शेंगदाणे ठेवले होते. मी म्हटलं, इथली पद्धत.

खोलीला खिडकी होती. खिडकीला जाड, भारी पडदा होता. पडदा सारला तर मागे भिंत होती. बाहेर नव्हे, खिडकीतच. तिला हात लावून बघितला. पक्कं बांधकाम.

आणि जिथे भिंत हवी होती तिथे काच होती. खोलीच्या कोपऱ्यात, दोन्ही पलंगांच्या बरोब्बर समोर, वरपासून खालपर्यंत स्वच्छ काचेची न्हाणी. आत नळ, फवारा, कमोड, सगळं एखाद्या सोनाराच्या दुकानात मांडल्यासारखं. पलंगावर पडल्या पडल्या साबणाच्या वडीवरचं नाव वाचता येत होतं.

आता ज्यांना व्याही नाहीत त्यांना यातलं संकट कळणार नाही. आपल्याकडे व्याह्यासमोर माणूस बनियनवर बसत नाही. व्याही आला की मी घरातल्या घरात शर्टाचं वरचं बटण लावतो. जांभई आली तर आत जाऊन देतो. आणि इथे लग्नाची तारीख धरायची बाकी असताना, मुलाच्या बापासमोर, काचेत? आम्ही दोघांनीही त्या काचेकडे एकदा पाहिलं आणि मग चार दिवस कुणीही तिच्याकडे पाहिलं नाही.

काचेच्या बाजूला छताजवळून एक बारीक पांढरी दोरी लोंबत होती. शेजारी लाल चिठ्ठीवर चार चिनी अक्षरं. भागोजींनी तिकडे हात नेला तसा मी ओरडलो, "ओढू नका! आगीची घंटा आहे ती. इथे लिहिलंय."

"व्हय?"

"आमच्या ऑफिसात सेफ्टीचं ट्रेनिंग झालंय. ओढलीत तर बंब येईल."

"बरं," भागोजी म्हणाले.

मग चिठ्ठ्यांबरोबर मिळालेली कूपनं मी तपासली. त्यांच्यावर वाडग्याचं चित्र होतं. "ही न्याहारीची. फेकून द्या. सकाळी बेडूक असतो इथे."

"बरं," भागोजी म्हणाले आणि त्यांनी कूपनं खिशात ठेवली. मला वाटलं, परक्या ठिकाणी कचरा करत नाहीत, चांगला माणूस आहे.

पासपोर्टाची झेरॉक्स द्यायची राहिली म्हणून मी पुन्हा जिन्याने खाली जाऊन आलो. मग बॅग उघडली, तर वर आमच्या आळीतल्या हेतलबेनच्या हातचे चाळीस थेपले आणि शकूच्या सुकटाच्या चटणीची बरणी. मी स्पष्ट नको म्हटलं होतं. पण त्या वेळी मला या गोष्टीचा अर्थ लागला नाही. भूक लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीचा प्रश्न उभा राहिला. दोघेही पूर्ण कपड्यांत, पलंगाच्या कडेवर, पंचा मांडीवर घेऊन बसलो होतो. अर्धा तास हवापाण्यावर बोलून झालं. खिडकीत भिंत असल्यामुळे हवेबद्दल जास्त काही बोलता येत नव्हतं. शेवटी भागोजीच उठले. "तुमी आटपा पावनं. मी जरा मोकळा होऊन येतो खालनं." केवढा समजूतदारपणा! मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि काचेत शिरलो.

डोक्याला साबण लावला आणि दिवे गेले. त्या हॉटेलात दाराशी एक खाच असते, तिच्यात खोलीचं कार्ड ठेवलं तरच वीज चालते. कार्ड एकच होतं, आणि लिफ्टही त्याच कार्डावर चालायची, म्हणून व्याही ते घेऊन गेले होते. खिडकीत भिंत. अंधार असा की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते साबण झोंबला तेव्हाच कळलं. काचेची न्हाणी अंधारात चारी बाजूंनी सारखीच लागते. दार म्हणून मी तीन ठिकाणी भिंत ढकलली. चौथ्यांदा बाहेर पडलो, हाताला लागला तो टॉवेल गुंडाळला. तो टॉवेल हातरुमालाच्या नात्यातला होता. व्याही कुठे दिसतात का बघायला मी खोलीचं दार उघडून एक पाऊल बाहेर टाकलं, आणि मागे दार लागलं. ते आपोआप लागतं. बाहेरून कार्डानेच उघडतं.

अशा अवस्थेत मी 'जपून हाताळा' लिहिलेल्या दाराला पाठ लावून उभा होतो, तेव्हा कोपऱ्यावरून यंत्रमानव आला. कमरेएवढा, गोल, पोटात कुणाचं तरी पार्सल. या हॉटेलात सामान पोचवायचं काम तो करतो. माझ्यासमोर येऊन तो थांबला आणि गोड आवाजात काहीतरी म्हणाला. मी उजवीकडे सरकलो, तोही सरकला. मी डावीकडे, तोही. व्याही-व्याही दारात भेटल्यावर 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करतात तसं आमचं बराच वेळ चाललं. शेवटी त्याने एक गाणं लावलं. तेवढ्यात लिफ्ट उघडली आणि तिच्यातून काउंटरवरची मुलगी आणि भागोजी बाहेर आले.

मुलीने चटकन भिंतीकडे तोंड फिरवलं. भागोजींनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"आवं पावनं, हितं?"

"कार्ड," मी एवढंच म्हणालो. आवाजात जेवढी प्रतिष्ठा भरता आली तेवढी भरली. बाकी ठिकाणी भरायला वाव नव्हता.

"आरारा. त्याबिगर लिफ खाली जात न्हाय ना." त्यांनी दार उघडलं. त्यांचा चेहरा मात्र कसा तुकतुकीत, समाधानी दिसत होता. मिशीला एक पांढरा कण चिकटला होता. मला वाटलं, माझाच साबण उडाला असेल.

मग ते न्हायला गेले आणि मी कपडे घालून बाहेर गेलो. या वेळी मी डोकं चालवलं. खाचेत माझं ऑफिसचं ओळखपत्र घालून बघितलं, तर दिवे लागले. अठ्ठावीस वर्षांत त्या ओळखपत्राने पहिल्यांदाच कुठे उजेड पाडला. पुढचे दोन दिवस मग अंघोळी सुरळीत झाल्या. रोज सकाळी व्याही मोकळे व्हायला खाली जात, मी न्हाऊन घेई. ते वर येत, मी बाहेर जाऊन यंत्रमानवाशेजारी उभा राही. तो भिंतीला टेकून चार्ज होत असे, मी सुकत असे. न्याहारीला मी दोन थेपले खाई. भागोजींना दिले तर ते म्हणत, "नको, मला सकाळचं फारसं लागत न्हाय." शेवटी शेवटी थेपल्यांची वहाण झाली होती. पण बेडकापेक्षा बरं, असं म्हणून चावत राहिलो.

त्या टॉवेलच्या दिवशीच दुपारी आम्ही कारखान्यात गेलो. लिली नावाची इंग्रजी बोलणारी दुभाषी बाई बरोबर होती. भागोजींनी माणगावाहून आपल्या शेतातले पाच किलो तांदूळ आणले होते, मुद्दाम न निवडलेले. ते मशीनमध्ये ओतले. कॅमेरा एकेक दाणा बघतो आणि काळा दिसला की हवेची फुंकर मारून बाजूला उडवतो. भागोजी खाली बसले, निवडलेल्या तांदळात हात घालून मूठ भरून घेतली, आणि सगळ्या प्रवासात पहिल्यांदा त्यांचा चेहरा हलला. मशीन पसंत होतं. मीही सुटकेचा श्वास टाकला. तारीख आता हातात आली.

तेवढ्यात लिलीने कागद भरायला आमच्या हॉटेलच्या चिठ्ठ्या मागितल्या. ती वाचता वाचता थबकली. मग तिने अगदी जपून मला विचारलं, या दोघांचं नातं काय? मी सांगितलं. काउंटरवर काय बोललो, दारावर आणि टेबलावर काय होतं, तेही सांगितलं. ती खोकली. माझ्या फोनने काउंटरवर जे सांगितलं, ते असं होतं की हिरामण आणि भागोजी यांचं एकमेकांशी लग्न ठरलंय. दारावरचं लाल अक्षर लग्नघराचं होतं. खजूर आणि शेंगदाणे लवकर पाळणा हलावा म्हणून देतात.

'आमचं लग्नाचं ठरलंय' हे वाक्य उरणपासून माणगावपर्यंत कुणालाही सांगा, तो आधी 'कुणाचं?' म्हणून विचारतो. फोनने विचारलं नाही. आणि एकदा लग्न ठरल्यावर आडनावाचा प्रश्नही त्या मुलीने आपल्या बुद्धीने सोडवला होता. पोलिसांच्या संगणकात, शिक्क्यानिशी, नोंद झाली होती : भागोजी घरत.

मुलाचा बाप. वरपक्ष. आणि त्याला मी माझं आडनाव लावलं होतं.

भागोजींनी चिठ्ठी हातात घेतली. लिलीने पुन्हा एकदा समजावून सांगितलं, मी मराठीत सांगितलं, मग घाबरून हिंदीतही सांगितलं. त्यांनी चिठ्ठीची नीट चार घड्यांची घडी घातली आणि खिशात ठेवली. परतीच्या गाडीत ते बाहेर बघत राहिले. मी चारदा माफी मागितली. चारही वेळा ते म्हणाले, "आसूं दे." 'आसूं दे' या शब्दांनी कोकणात किती लग्नं मोडली आहेत ते मला माहीत आहे.

संध्याकाळी मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन शकूला फोन लावला. सगळं सांगितलं. ती पलीकडे इतका वेळ हसली की मला वाटलं लाईन खराब आहे.

"हसू नको गं. पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे. तो माणूस माझ्याशी बोलत नाही."

"ते आधी तरी कवा बोलत व्हते? तुमी कनाला एवढा बोलता? गप ऱ्हावा दोन दिस."

"मी गप्पच आहे," मी तावातावाने तिला पाच मिनिटं पटवून दिलं.

पण प्राप्ती माझी एकुलती एक पोरगी. साहिलचं नाव निघालं की ती घरात उगाच इकडची भांडी तिकडे लावत बसते. तिला काय सांगणार होतो मी? तुझ्या बापाने तुझ्या सासऱ्याला घरतांची सून करून घेतलं, म्हणून लग्न फिसकटलं? त्या खोलीत मी दोन दिवस भिंतीला लावलेला पडदा बघत बसलो होतो. मशीनची बोलणी पुरी झाली, सह्या झाल्या, पण भागोजींच्या तोंडून तारखेचा त काही निघाला नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही बॅगा भरत होतो. भागोजी पलंगावर बसून उरलेल्या तांदळाच्या पिशवीचं तोंड बांधत होते. मी माझी बॅग उचलून वळवली, तिचा पट्टा कशात तरी अडकला, मी हिसका दिला, आणि बघतो तर ती दोरी!

मी बॅग सोडली आणि दोन्ही हात कानांवर ठेवले. बंब, पोलीस, संगणक, नवीन चिठ्ठी, सगळं डोळ्यांसमोरून गेलं.

घंटा वाजली नाही. सर्र असा मऊ आवाज झाला आणि छतातून एक पांढरा पडदा खाली आला. चांगला जाड, त्यावर बांबूची हिरवी पानं काढलेली. पूर्ण काच झाकून तो जमिनीला टेकला. इतकी अब्रूदार न्हाणी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

भागोजी पिशवीला गाठ मारत होते. त्यांनी वरसुद्धा बघितलं नाही.

"व्याहीबुवा," मी म्हणालो. "पडदा."

"व्हय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिशीच. तुमी झेराक्स द्यायला खाली गेलावतात ना, तवा म्हनलं, बगू तरी कसली घंटा हाय. वडली. पडदा आला. मंग परत वर करून ठेवला."

"पण का? बोलला का नाहीत?"

"तुमी म्हनलावतात घंटा हाय," भागोजी साधेपणाने म्हणाले. "व्याह्याचा शबूद. आल्या आल्या कसा मोडायचा?"

मी पलंगावर बसलो. मग मला त्यांचा तुकतुकीत चेहरा आठवला, आणि मिशीवरचा पांढरा कण.

"आणि रोज सकाळी खाली जाऊन काय करत होतात?"

ते पहिल्यांदाच जरा चुळबुळले. "पेज असते खाली," ते म्हणाले. "आपल्यावानीच. मऊ, गरम. वर बारकी सुकट घालून देतात. बेडूक न्हाय दिसला कुटं. तुमाला बलवनारच व्हतो, पन तुमी येवढं ठासून सांगितलंवतात, तवा म्हनलं कशाला उगाच."

चार दिवस. मी चार दिवस थेपले चावत होतो आणि चार मजले खाली सुकट घातलेली पेज वाफाळत होती. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला भरून आलं. हा माणूस सगळं जाणून होता, आणि माझी फजिती होऊ नये म्हणून रोज सकाळी, कपडे-बिपडे करून, मुकाट्याने खोलीबाहेर जात होता. पेजेसाठी जात होता हे मान्य, पण पडदा परत वर करून ठेवला तो पेजेसाठी नाही.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "मला चिनी येत नाही. मी फक्त खोकी वाचतो. तेही तीनच प्रकारची."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"दारावर 'जपून हाताळा' म्हनलात तवापासून. तसा कागद दारावर कशाला लावतील?" त्यांनी पिशवीची गाठ आणखी घट्ट केली. "आता येक इचारतो. राग मानू नका. पोरगी तुमची, दोरी वडून बगनारी हाय का?"

"म्हणजे?"

"आमचा साहिल पोरगा गुनाचा हाय. पन त्याला सगळंच ठावं असतं. तुमच्यासारकं. अशापुढं जी नुसती मान डोलवते तिचे हाल, आन जी रोज भांडते तिचे बी हाल. बरं म्हनायचं, आन दोरी वडून बगायची. आमची बायजा तीस वर्सं तेच करते, म्हनून घर उभं हाय. मला येवढंच बगायचं व्हतं, कसल्या घरातली पोर येते."

मला बॅगेतले थेपले आठवले. 'खाण्याचं काही देऊ नकोस' आणि 'बरं' आठवलं. आणि हेही आठवलं की विमानतळावर प्राप्तीने माझ्या नकळत बॅगेच्या कप्प्यात जुलाबाच्या गोळ्या घातल्या होत्या, ज्या मी 'मला कधी लागत नाहीत' म्हणून दोनदा बाहेर काढल्या होत्या.

"ती तिच्या आईवर गेलीय," मी म्हणालो.

"मंग तारीख धरा," भागोजी म्हणाले. खिशातून त्यांनी ती चार घड्यांची चिठ्ठी काढली. "आन ही मी बायजाला दावनार हाय. तीस वर्सं माजं आडनाव लावते. म्हनावं, मी बी दुसऱ्याचं लावून बगितलं. चार दिस. काय वाईट न्हाय."

मग आम्ही दोघे खाली गेलो. शेवटची दोन कूपनं त्यांनी राखून ठेवली होती. मी तीन वाडगे पेज प्यायलो. तिसऱ्याच्या वेळी काउंटरवरची मुलगी आमच्याकडे बघून प्रेमाने हसली. तिला खरं काय ते सांगायला मी फोन काढणार होतो, पण भागोजींनी माझ्या हातावर हात ठेवला.

तर असा मुक्काम झाला. हॉटेलला मी पाच चांदण्या दिल्या आणि दोनशे अक्षरांच्या जागेत लिहिलं, 'खोलीला पडदा आहे. पेज उत्तम.' प्रामाणिकपणे सांगायचं तर यापलीकडे कुठल्याही पाहुण्याला काही लागत नाही.

घरी आल्यावर लग्नाची गडबड सुरू झाली. मी पहिल्याच दिवशी शकूला स्पष्ट सांगितलं, "मांडव मागल्या आवारात घालायचा. पुढे नाही. पुढे खाडीचा वारा लागतो, कापड फाटेल. मी अठ्ठावीस वर्षं बंदरात काढली आहेत."

"बरं," शकू म्हणाली.

काल ऑफिसातून लवकर आलो. मांडववाला पुढल्या अंगणात उभा राहून खांबांची जागा मोजत होता, आणि शकू फितीचं दुसरं टोक धरून उभी होती. मला बघून दोघे थांबले. मी तोंड उघडलं. चीन डोळ्यांसमोर आलं.

"बरं," मी म्हणालो, आणि चपला काढून आत गेलो.